जावयाचं घड्याळ : नवं घ्यावं की वापरलेलं?

लग्नसराई जवळ आली की आपल्या बोलण्याचे विषयच बदलतात. पापड-कुरडया, मुलांचा खोकला, पडद्यांचं कापड हे सगळं मागे पडतं आणि बस्ता, मानपान, आहेर यांचे हिशेब सुरू होतात. त्यांतला एक प्रश्न हल्ली मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकते, की आजचं सगळं पान त्यालाच द्यायचं ठरवलं आहे. प्रश्न असा : जावयाला घड्याळ करायचं आहे. चांगलं, परदेशी, चार लोकांनी नाव ओळखावं असं. नवं घेतलं तर लाखाच्या पुढे जातं. तेच वापरलेलं घेतलं तर निम्म्या-पाऊण किमतीत मिळतं, आणि दिसायलाही नव्यासारखंच. मग काय करावं?

हल्ली त्याला कोणी ‘सेकंडहँड’ म्हणत नाही. दुकानदार ‘प्री-ओन्ड’ म्हणतात. नाव भारदस्त झालं की आपली मान जरा वर होते, नाही का? पण पाटी बदलल्याने वस्तू बदलत नाही. ती चांगली असेल तर चांगली, आणि वाईट असेल तर मखमली डब्यात ठेवूनही वाईटच.

घड्याळ आणि जावई यांचं नातं आपल्याकडे जुनं. आमच्या सासूबाई सांगतात, त्यांच्या वेळी नवरदेव पंगतीत पानावर रुसून बसायचा. घड्याळ, सायकल नाहीतर रेडिओ कबूल झाल्याशिवाय घास उचलायचा नाही. बायका हसायच्या, थट्टा करायच्या. मांडवाच्या कोपऱ्यात मुलीचा बाप मात्र कोणाकडून उसने आणायचे याची मनातल्या मनात आकडेमोड करत उभा असायचा.

तेव्हा घड्याळ म्हणजे बहुधा एचएमटी. या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. जनता, पायलट, कोहिनूर ही नावं आपल्या वडीलमंडळींना देवाच्या नावांसारखी पाठ. आमच्या छावणीत तर फौजी माणसांसाठी काढलेलं ‘जवान’ अजून एखाद्या निवृत्त आजोबांच्या मनगटावर दिसतं. त्याच्याही आधी सगळं परदेशीच. फाव्र-ल्यूबा ही स्विस कंपनी १८६५ पासून आपल्या देशात व्यापार करत होती. वेस्ट एंड कंपनीचं ‘सोवार’, म्हणजे आपला घोडेस्वार, पलटणीतल्या लोकांत फार चालायचं. पुढे आयातीवर बंधनं आली तशी परदेशी घड्याळं चोरवाटेने येऊ लागली, आणि ‘फॉरेनचं’ या एका शब्दाला जी किंमत चढली ती अजून पुरती उतरलेली नाही. १९८४ साली टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून टायटन काढली. सेलवरची क्वार्ट्झ घड्याळं घरोघर गेली, आणि चावी देण्याची सवय मोडली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. गंमत अशी, की कारखाना मिटल्यावर जुन्या एचएमटीचे शौकीन वाढले. ज्या घड्याळाला मोडीत कोणी विचारत नव्हतं ते लोक शोधून घेऊ लागले. वापरलेल्या घड्याळाला मान आला तो असा.

आता गोष्ट सांगते ती आमच्या गल्लीतल्या एका काकूंची. ‘लिही खुशाल, पण नाव घालू नकोस गं माय,’ असं त्यांनी बजावलं आहे, तेव्हा त्या नुसत्या काकूच.

काका फौजेतून निवृत्त झालेले, आता एका ठिकाणी रखवालीचं काम करतात. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याला नोकरीला. मागणी काहीच नाही. ‘नारळ आणि मुलगी द्या’ असं त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. पण थोरल्या जावयाला अंगठी केली होती, तेव्हा धाकट्याला घड्याळ करायचं हे काकूंच्या मनात पक्कं. त्यासाठी पाच वर्षं भिशी भरून त्यांनी एक लाख रुपये जमवलेले. त्या एक लाखात किती दिवाळ्यांची साडी आणि किती वेळा पुढे ढकललेला दाताचा डॉक्टर आहे, ते मला ठाऊक आहे.

पुतण्याने एक स्विस घड्याळ सुचवलं. नवं दीड लाखाला. दुकानात म्हणे हप्त्याची सोय होती. काका लगेच तयार. ‘पन्नास हजारांचंच तर कर्ज, वर्षात फेडू. माझ्या जावयाच्या हातात दुसऱ्याचं उतरलेलं घड्याळ घालणार नाही.’ मग त्याच पुतण्याने दुसरी वाट दाखवली : तेच घड्याळ वापरलेलं, त्याच्या ओळखीच्या माणसाकडे, ८५ हजारांत. डबा आहे, बिल तेवढं सापडत नाही. काकूंना हे पटलं. कर्ज नको, उलट १५ हजार उरतात. नवरा-बायकोत तीन दिवस धुसफूस. चौथ्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या. ‘तू बीए झालेली, शाळेत शिकवतेस. जरा नीट बघून सांग.’

बीएत घड्याळ कोणी शिकवत नाही! पण माझे दीर या नादातले आहेत. त्यांना विचारलं, दोन घड्याळजींशी बोलले, आणि जे कळलं ते तुमच्यापुढे मांडते.

पहिली गोष्ट पैशाची. काकांचं म्हणणं होतं, ‘घड्याळ घेतलं तर पैसा कुठे जातो? सोन्यासारखंच आहे ते.’ मैत्रिणींनो, ही समजूत मनातून काढून टाका. सोन्याला वजन आहे, रोजचा भाव आहे, आणि २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्कची सक्तीही झाली आहे. पाटली मोडायला गेलात तर घट आणि मजुरी जाऊन बाकीचं हातात येतं. घड्याळाला असा भाव नाही आणि सरकारी शिक्काही नाही. आतले ‘१७ ज्वेल्स’ म्हणजे खरी माणकं असतील असं कित्येकींना वाटतं. ती कारखान्यात बनवलेली चिमुकली कृत्रिम माणकं. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेली. विकायला गेलं तर त्यांची किंमत जवळजवळ काही नाही.

नवं घड्याळ दुकानाची पायरी उतरलं की त्याची किंमतही उतरते. का, ते सोप्या हिशेबाने बघा. घड्याळावर १८ टक्के जीएसटी आहे. समजा दुकानात १,१८,००० रुपये मोजले, तर त्यातले १८,००० कराचे. ते सरकारात गेले, परत येणार नाहीत. पुढे दुकानदाराचा नफा, जाहिरातीचा खर्च, काचेच्या झगमगत्या दालनाचं भाडं. परदेशी असेल तर आयातकर. हे सगळं पहिला गिऱ्हाईक भरतो. दुसऱ्याला त्यातलं पुष्कळसं माफ होतं. व्यापारी वापरलेली वस्तू विकतो तेव्हा सामान्यतः त्याला फक्त आपल्या नफ्यावर जीएसटी लागतो. म्हणजे वापरलेलं स्वस्त असतं त्यात लबाडीच असते असं नाही. पहिल्याने सोसलेलं नुकसान दुसऱ्याच्या फायद्यात पडतं, इतकंच.

तुम्ही म्हणाल, काही घड्याळांच्या किमती वाढतात असं ऐकलं आहे. खरं आहे. रोलेक्ससारख्या दोन-चार नावांची काही मोजकी मॉडेल्स दुकानात मिळत नाहीत म्हणून बाहेर जास्त दराने विकली जातात. पण २०२२ च्या सुरुवातीला शिखराला गेलेले त्यांचे भावही नंतर घसरलेच. शिवाय त्या किमती आपल्या भिशीच्या बाहेरच्या. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने दहा लाखांवरच्या घड्याळावर विक्रीच्या वेळीच एक टक्का आयकर गोळा करायचा नियम काढला. तो ज्यांच्यासाठी आहे त्यांनी आपला विचार करावा! आपण लाख-दीड लाखाच्या आतलं बोलतोय, आणि तिथे घड्याळ म्हणजे खर्च. हौसेचा, आनंदाचा, पण खर्चच.

आयातकराचंही सांगून टाकते. स्विस घड्याळांवर आपल्याकडे अधिभार धरून २२ टक्के आयातकर होता. स्वित्झर्लंड आणि त्याच्या सोबतच्या देशांशी मार्च २०२४ मध्ये करार झाला, तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार हा कर सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायचा आहे. दुकानातला भाव त्या मानाने उतरेलच असं नाही, पण ज्यांना घाई नाही त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरी गोष्ट पारखण्याची, आणि खरी मेख इथेच आहे.

आमच्या छावणीत गुरुवारी आठवडी बाजार भरतो. बैल घेणारा शेतकरी शिंगांना फासलेला रंग बघून भुलत नाही. जबडा उघडून दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. वापरलेल्या घड्याळाचंही तसंच करावं लागतं. काचेची चकाकी आणि मखमली डबा म्हणजे शिंगांचा रंग. दात कुठे बघायचे ते सांगते.

तबकडी : जुनी, डागाळलेली तबकडी धुऊन, पुन्हा रंगवून, नाव छापून नवी करणारे कारागीर आपल्याकडे आहेत. जगभरचे शौकीन अशा आपल्याकडच्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. भिंग घेऊन बघा. अक्षरांच्या कडा जाड, फुटलेल्या दिसतात का? मिनिटांच्या खुणा सारख्या अंतरावर आहेत का? केस जुनी, खरचटलेली आणि तबकडी मात्र कोरी करकरीत असेल तर शंका घ्या. कंपनीने कधी काढलाच नाही असा भडक रंग असेल तर नमस्कार करा आणि उठा.

केस : फार पॉलिश केली की कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. खरचटणं लपतं, पण धातूही जातो आणि किंमतही.

काटे आणि चावीची मूठ : एका घड्याळाचे काटे दुसऱ्याला, मूठ तिसऱ्याचीच, असे प्रकार सर्रास होतात. मुठीवर बहुधा कंपनीचं चिन्ह असतं. नसेल तर का नाही ते विचारा.

आतलं यंत्र : हे आपण घरी उघडायचं नाही. एक धुळीचा कण गेला तरी पुरे. घड्याळजीकडून, आणि महाग घड्याळ असेल तर त्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडून उघडून घ्या. वरचं नाव मोठं आणि आतलं यंत्र भलतंच, हे केवळ उघडल्यावर कळतं.

चाल : सेलवरचं घड्याळ महिन्याला साधारण पंधरा सेकंद पुढे-मागे झालं तर चालतं. स्प्रिंगवर चालणाऱ्याचं वेगळं. उत्तम प्रमाणित स्विस घड्याळालाही दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. तेव्हा ‘लाख रुपयांचं आणि रोज दोन सेकंद पुढे जातं’ म्हणून तक्रार करू नका. पण दिवसाला मिनिट-दोन मिनिटं चुकत असेल तर त्याचं दुखणं आत आहे. निदान पुरा दिवस आणि रात्र चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सर्व्हिसिंग : चावीच्या किंवा आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळात तेलाचे बारीक थेंब असतात. ते काही वर्षांत सुकतात, मग चाकं झिजतात. साधारण पाचेक वर्षांनी ते खोलून, धुऊन, तेल द्यावं लागतं, आणि परदेशी घड्याळाचा हा खर्च हजारांत जातो. शेवटचं केव्हा केलं, कुठे केलं, पावती आहे का, हे विचाराच. पावती नसेल तर तो खर्च लगेच आपल्याला करायचा आहे असं समजून किमतीत धरा. ८५ हजारांचं घड्याळ मग ८५ हजारांचं राहत नाही.

पाणी : वर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असलं तरी आतलं रबर वर्षांनुवर्षांत कडक होतं. वापरलेलं घड्याळ तपासून घेतल्याशिवाय नळाखाली धरू नये.

कागद : ही सगळ्यांत मोठी बाब. मूळ बिल, हमीपत्र, त्यावरचा नंबर, घड्याळावरचा नंबर हे जुळायला हवेत. डबा बाजारात सुटा विकत मिळतो, त्यामुळे नुसत्या डब्याचा पुरावा काही कामाचा नाही. बिल नसलेलं घड्याळ चोरीचं निघालं तर पैसेही जातात आणि पोलीस दारात येतात. लग्नघरात हे कोणाला हवं आहे? विकणाऱ्याकडून स्वतःच्या नावावर, घड्याळाच्या नंबरासकट पावती घ्या. पैसे शक्यतो बँकेतून द्या. पावती द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून सुईसुद्धा घेऊ नये.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. त्यांनी सरळ पुतण्याला बोलावलं आणि म्हटलं, ‘घड्याळ कंपनीच्या सेवा केंद्रात दाखवू. तपासणीचे पैसे माझे. चांगलं निघालं तर ८५ रोख मोजते.’ विकणारा आधी रागावला. ‘ओळखीत एवढा विश्वास नाही?’ काकू म्हणाल्या, ‘विश्वास आहे म्हणून तर घेतेय, फक्त दात बघून घेते.’

तपासणीत काय निघालं? तबकडी पुन्हा रंगवलेली. काटे दुसऱ्याचे. मूठ कंपनीची नव्हे. यंत्र मात्र खरं, आणि चालूही. म्हणजे घड्याळ खोटं नव्हतं, पण ८५ हजारांचंही नव्हतं. काकूंनी ते परत केलं. पुतण्या पंधरा दिवस बोलला नाही. आता बोलतो.

काकांना वाटलं, चला, आता दीड लाखाचं नवंच. हप्त्याचे कागदही त्यांनी आणून ठेवले. तेव्हा इतका वेळ गप्प असलेली मुलगी बोलली. ‘आई, त्यांनी काही मागितलेलं नाही. तुम्ही कर्ज काढून घड्याळ दिलंत तर मला ते रोज डोळ्यांसमोर दिसेल. वेळ बघायला गेले की तुमचा हप्ता दिसेल.’ घरात एकदम शांतता. काका उठून अंगणात गेले. बऱ्याच वेळाने आत आले आणि त्यांनी ते कागद घडी करून कपाटात ठेवले.

मैत्रिणींनो, नवं की वापरलेलं या वादात आपण एक तिसरा प्रश्न विसरतो. तेच घड्याळ का? दीड लाखाचं नवं परवडत नाही म्हणून त्याचंच वापरलेलं शोधायचं, हा विचार नावापायी होतो. तेवढ्याच, किंबहुना कमी पैशात दुसऱ्या चांगल्या कंपनीचं कोरं घड्याळ मिळतं की! काकूंनी तेच केलं. अधिकृत विक्रेत्याकडून, दोन वर्षांच्या हमीचं, छापील बिलाचं, मुलाच्या मनगटाला शोभेल असं साधं सुरेख घड्याळ ५८ हजारांना घेतलं. उरलेले ४२ हजार मुलीच्या नावावर बँकेत मुदत ठेव म्हणून टाकले. दाताचा डॉक्टर अजून राहिलाच आहे. त्याबद्दल मी त्यांच्या मागे लागले आहे.

म्हणून वापरलेलं घड्याळ वाईट असा अर्थ मात्र काढू नका. माझ्या दिरांनी सहा वर्षांपूर्वी वापरलेलंच स्विस घड्याळ घेतलं. बिल, हमीपत्र, सर्व्हिसिंगची पावती, सगळं होतं. एकदा तेलपाणी केलं, आजही झकास चालतं. हल्ली वापरलेली घड्याळं तपासून, स्वतःची हमी देऊन विकणारी मोठी दुकानंही झाली आहेत. खुद्द रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये आधी युरोपातल्या काही देशांत अशी योजना सुरू केली, त्यात कंपनीच दोन वर्षांची हमी देते. अशा ठिकाणी चार पैसे जास्त पडतात, पण ते पारखणीचे पैसे आहेत.

तर माझा हिशेब असा. स्वतःसाठी किंवा आपल्या ह्यांच्यासाठी घ्यायचं असेल, नाद असेल, पारखणारं माणूस हाताशी असेल आणि कागद पुरे असतील, तर वापरलेलं जरूर घ्या, फायद्यात पडेल. दुसऱ्याला, त्यातून नव्या नात्यात भेट द्यायचं असेल, तर नवं घ्या, मग ते कमी किमतीचं का असेना. कारण भेटीच्या वस्तूत काही बिघाड निघाला तर दुरुस्तीला नेताना जावयाची पंचाईत, आणि ‘वापरलेलं दिलं’ हे उशिरा कळलं तर मुलीची. जावई स्वतः शौकीन असेल आणि त्याला जुनंच हवं असेल, तर त्याला सांगून, त्याच्यासोबत जाऊन घ्या. लपवून मात्र देऊ नका. वापरलेल्या घड्याळात कमीपणा नाही. ते नवं म्हणून देण्यात आहे. आणि घरात आजोबांचं चांगलं घड्याळ पडून असेल तर नीट सर्व्हिसिंग करून, तसं सांगून, द्यायला काहीच हरकत नाही.

दुबईचा किंवा सिंगापूरचा नातेवाईक ‘मी आणतो की स्वस्तात’ म्हणेल. त्यालाही बिल आणि आंतरराष्ट्रीय हमीपत्र मागा. ठरावीक मर्यादेवरच्या वस्तूंवर विमानतळावर कर भरावा लागतो, तो धरून हिशेब करा. बिल लपवून आणलेल्या घड्याळाचं पुढे दुरुस्तीला अडतं. ‘स्विस मेड’ या दोन शब्दांनाही अर्थ आहे. २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे निदान ६० टक्के उत्पादन-खर्च स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो, यंत्र स्विस असावं लागतं, ते केसमध्ये बसवणं आणि शेवटची तपासणीही तिथेच व्हावी लागते. ‘स्विस स्टाइल’ असं काही लिहिलं असेल तर सावध व्हा.

शेवटी एक कडू पण गरजेची गोष्ट. वरपक्षाने घड्याळ मागितलं असेल, मग ते थट्टेत असो, ‘आमच्या मोठ्याला मिळालं होतं’ अशा आडवळणाने असो, तर नवं की वापरलेलं हा प्रश्नच उरत नाही. तो हुंडा आहे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. न मागता, रीत म्हणून, आपल्या ऐपतीला धरून दिलेली भेट चालते, पण तिचीही यादी करावी असं १९८५ चे नियम सांगतात. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहून त्यावर वधू-वरांच्या सह्या घ्यायच्या. ‘असं कागदावर लिहून घेतलं तर काय म्हणतील?’ असं वाटतं खरं. काकूंनी वहीच्या एका पानावर यादी केली, साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मुलानेच हसत आधी सही केली. ज्याच्या मनात काही नाही त्याला सहीचं काय ओझं?

घड्याळ घेतल्यावर बिल आणि हमीपत्राची झेरॉक्स काढून ठेवा, नंबर घरच्या वहीत लिहा. ते स्पीकरजवळ किंवा चुंबकाच्या मोबाइल-कव्हरवर ठेवू नये. चुंबकाने चाल बिघडते. सेल संपला की लगेच बदलून घ्या, संपलेला आत राहिला तर पाझरतो आणि यंत्र खातो. आणि मुलांना काट्यांचं घड्याळ वाचायला शिकवा बरं का. माझ्या वर्गात ‘पावणेचार’ म्हटल्यावर गोंधळून बघणारी मुलं दरवर्षी वाढताहेत.

पुढच्या आठवड्यात बस्त्याबद्दल लिहिणार आहे : साड्या किती, कोणाला, आणि ‘मानाची’ म्हणून घेतलेली साडी जी कोणीच नेसत नाही तिचं काय करावं. तुमच्याकडची रीत मला जरूर कळवा.